ढगाळ दिवसाचा सूर्य

"...मग त्या सूचनेवर माझं नाव कुठे येणार, सर?"

मुजावर सर पेन्सिलीला टोक काढत होते. ब्लेडने, सावकाश.

"कुठल्या सूचनेवर?"

"सगळ्या देशांची केंद्रं मिळून काढतात ती. सौरवादळ येतंय, अमुक वाजता पोचेल. खाली वीस केंद्रांचे शिक्के. माणसाचं नाव एक नाही!"

"हं."

"आणि मुळात पाहिलं कुणी? मी!"

ऋजुता धायगुडे खोटं बोलत नव्हती. पठारावरच्या त्या लहानशा सौरवेधशाळेची ती तीन महिन्यांपूर्वी प्रमुख झाली होती. आज सकाळी सव्वादहाला सूर्यावर भडका उडाला, तेव्हा ती मोठ्या दुर्बिणीच्या पडद्यासमोरच बसली होती. सूर्याच्या मध्यावरचा वायूचा एक लांबलचक काळा धागा ताणला गेला, थरथरला आणि तुटून निघाला. सरळ पृथ्वीच्या रोखाने.

उपग्रहांनी भडका टिपला, पण धागा त्यांच्या नजरेतून निसटला. जपान आणि ऑस्ट्रेलियावर ढग होते. युरोपात उजाडायचं होतं. साऱ्या पृथ्वीवर तो क्षण फक्त तिच्या चित्रांत होता.

ती चित्रं तिने अजून कुणालाही पाठवली नव्हती.

आता दुपारचा एक वाजत आला होता.

"पाचपर्यंत थांबते," ती म्हणाली. "वादळ कधी पोचेल याचं माझं गणित पुरं होत आलंय. पाच वर्षं घातलीत त्यात. आधी माझा अंदाज माझ्या नावाने जाहीर करते, मग चित्रं देते. आत्ता दिली, तर दहा मिनिटांत सगळ्यांनाच कळेल."

"कळू नये?"

"कळावं. पण..."

शब्द सापडले नाहीत, की ती चिडायची.

"तुम्हाला नाही समजायचं सर. तुम्ही पेन्सिलवाले."

"ते आहेच." सरांनी टोक बोटाला टोचून पाहिलं. "चल. गडबडीत आजचे डाग काढायचे राहिलेत."

सरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तरी रोज डोंगर चढून यायचे. जुन्या दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडायचे, वीतभर वर्तुळाएवढा, आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने गिरवायचे. तारीख घालायचे. वेळ घालायचे. निघून जायचे.

कोपऱ्यातला संगणक टिणकला.

नॉर्वेच्या केंद्रातल्या सोल्वेगचा निरोप होता. ऋजुताने तिला कधी पाहिलं नव्हतं. सकाळपासूनचा हा तिसरा निरोप.

'भारत, तुम्हाला काही दिसलं का? इथली सगळी गणितं म्हणतात, वादळ पृथ्वीला चुकवून जाईल. मला पटत नाही. वीजकेंद्रांना दुपारी बारापर्यंत सांगायचं आहे, काही बंद ठेवायचं की नाही. फक्त हो किंवा नाही कळवा.'

नॉर्वेतले बारा म्हणजे इथले साडेतीन.

ऋजुताने निरोप वाचला. उत्तर दिलं नाही.

"कोण गं?" सरांनी विचारलं.

"कुणी नाही."

सरांनी कागदावरच्या सूर्यात एक ठिपका काढला. मग दुसरा.

"तुझा जन्म कधीचा?"

"आता काय, पत्रिका मांडणार माझी?"

"सांग तर."

"चौदा ऑगस्ट. पंच्याण्णव."

"त्या कपाटातून पंच्याण्णवची वही काढ. आणि धूळ झटकून आण, माझ्या अंगावर नको."

ती उठली. वही जड होती, कापडी बांधणीची. तिने उभ्याउभ्याच पान काढलं.

चौदा ऑगस्ट. सरांचं अक्षर तिला ओळखू आलं. एकच शब्द होता: 'ढग.' पुढे वेळ. दिवसभरात सहा वेळा पाहिलं होतं, सहा वेळा लिहिलं होतं. ढग. ढग. ढग.

"घ्या! माझ्या जन्माच्या दिवशी सूर्यसुद्धा नव्हता."

"खाली बघ."

पानाच्या खालच्या अर्ध्या भागात एक पातळ, पिवळा पडलेला कागद चिकटवला होता. त्यावर वर्तुळ होतं. वर्तुळात दोन डाग. रेघ हलकी, तिरकी.

"हा हात तुमचा नाही."

"नाही."

तिने पान उलटलं. पंधरा ऑगस्ट. ढग. खाली आणखी एक कागद, आणखी एक वर्तुळ. हा हात वेगळाच. पेन्सिल इतकी दाबलेली, की कागद फाटायला आलेला. सोळा ऑगस्ट. सतरा. अख्खा जुलै. अख्खा सप्टेंबर.

"हे सगळं...?"

"पावसाळ्यात आपल्याकडे कुठला सूर्य? कुणीकुणी पाठवायचे. पोस्टाने. दीड-दोन महिने लागायचे यायला. त्यांच्याकडे बर्फ पडला, की आपण पाठवायचो."

ऋजुता स्टुलावर बसली. तिने पुन्हा चौदा तारखेचं पान काढलं. त्या कागदाच्या कडेला इंग्रजीत एक ओळ होती. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण कळत होतं.

'तुमच्या ढगाळ दिवसाचा सूर्य पाठवत आहे. जपून ठेवा.'

खाली तारीख होती. वेळ होती.

नाव नव्हतं.

ती बराच वेळ त्या दोन डागांकडे बघत राहिली. आपल्या आईने पहिल्यांदा आपल्याला हातात घेतलं असेल, त्याच दिवशी पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी कुणीतरी मान वाकवून हे गिरवत होतं. आपल्यासाठी नव्हे. कुणासाठीही नव्हे. कुठेतरी ढग असतील, एवढ्यासाठी.

"सर... कोण होता हा?"

सरांनी पेन्सिलीवरचा भुसा फुंकरला.

"कुणी नाही," ते म्हणाले.

ऋजुताने मान वर केली नाही. तिचे कान तापले होते.

...

मग ती उठली. संगणकासमोर बसली. सव्वादहापासूनची सगळी चित्रं, दर मिनिटाचं एक, तिने सगळ्या केंद्रांकडे सोडली. पाच वर्षांचं गणितही जोडलं, अर्धवट होतं तसंच. वर सोल्वेगला लिहिलं: 'हो. दिसलं. उशीर झाला, चूक माझी.'

दोन वाजायला पाच मिनिटं कमी होती.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग पडद्यावर एकेका केंद्राचा दिवा लागू लागला. जपान. ऑस्ट्रेलिया. नॉर्वे. दक्षिण आफ्रिका. चिलीत अजून पहाट व्हायची होती, तरी तिथला दिवाही लागला. कुणी तिचा धागा मोजला, कुणी वेग काढला, कुणी तिच्या गणितातली एक चूक दुरुस्त करून परत धाडली. कुणी विचारलं नाही, की तू कोण.

अडीच वाजता सूचना निघाली. वादळ पृथ्वीवर येणार. उद्या रात्री.

खाली वीस शिक्के होते. सोल्वेगची एक ओळ आली: 'आता वेळ आहे. आभार, भारत.'

ऋजुताने तोंडावरून हात फिरवला. ती सरांजवळ येऊन उभी राहिली. सर अजून कागदावर वाकलेले होते, शेवटचा डाग राहिला होता.

तेवढ्यात परतीच्या पावसाचा एक मोठा ढग पठारावर सरकला. कागदावरचं वर्तुळ फिकट झालं, राखाडी झालं आणि पुसून गेलं. नुसता पांढरा कागद उरला. त्यावर अर्धी गिरवलेली रेघ.

"सर, गेला! सूर्य गेला!"

सरांनी पेन्सिल कानावर खोचली. घड्याळ पाहिलं. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: 'ढग.'

"असू दे," ते म्हणाले. "कुणाच्या तरी कागदावर असेल."