आईच्या वेलाचे तीन मणी

डोंगराच्या कुशीत काळ्या द्राक्षांचं एक गाव होतं. वाइनची द्राक्षं ती. बारकी, जाड सालीची. तिथल्या मळ्यात राबणाऱ्या लहानूची पोर जनी. पायात चप्पल नाही, अंगावर विटका झगा, आणि आई पावसाळ्यातच गेलेली.

आईनं मागं ठेवलं काय, तर झोपडीपुढचा एक वेल. मळ्यातली फेकलेली काडी तिनं लावली होती. पहिला घड आला की तिघं मिळून खाऊ, म्हणायची. आता इवलेसे जांभळे घड लगडले, आणि खायला दोघंच उरली.

त्यात थंडी पडली. मेली अशी पडली की पानांवर दव गोठलं. अशा थंडीत मणी तडकतात, म्हणून लहानू पहाटेच मळ्यात शेकोट्या पेटवायला गेला. आपल्या वेलाखाली तूच पेटव, असं जनीला बजावून गेला.

जनीनं काटक्या रचून जाळ केला. तोच वरच्या घडात काहीतरी लुकलुकलं. बोटाएवढी परी! निळे, रुपेरी, गुलाबी दवाचे पंख, आणि त्यातला एक वेलात गुरफटलेला. जाळाच्या उबेनं तो ठिबकत होता.

“मी थंडीची परी,” ती म्हणाली. “जाळ राहिला तर मी विरघळेन. विझवलास तर पंख पुन्हा गोठून घट्ट होईल, मी सुटेन. पण तुझे मणी तडकतील. तू ठरव, बाळ.”

जनी वेलाकडे बघत राहिली. मग ओंजळ ओंजळ माती जाळावर टाकली. रडत रडत टाकली. एकेक मणी तडकला, रस मातीत गळला.

परी सुटली. म्हणाली, एक माग, पण हवापाण्याचंच माग. जनीनं आधी आईच मागितली.

“ते माझ्या हातात नाही गं.”

“मग मळ्यावरची थंडी घेऊन जा. शेकोट्यांनी बाबाचे हात भाजलेत. द्राक्षं गेली तर तोडणीच्या बायका काय खातील?”

“आणि तुझा वेल?”

“त्याचं झालंच की आता.”

परीनं पंख झटकले. सगळा मळा सोनेरी उजळला, आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

लहानू परतला, तडकलेले घड बघितले, आणि पोरीचे मातीनं माखलेले हात धुऊन दिले.

पुढं दिवसा कोवळं ऊन, रात्री नुसता गारवा. मळा असा गोड भरला की बायका गाणी म्हणत टोपल्या वाहू लागल्या.

तोडणीच्या दिवशी जनीला दिसलं, परी बसली होती त्या घडात तीन मणी शाबूत होते, चांदण्यांसारखे लखलखत.

एक बाबानं खाल्ला, एक जनीनं.

“बिया थुंक गं,” बाबा म्हणाला.

तिसरा जनीनं आईच्या ताटलीत ठेवला. ती ताटली बाबानं कितीतरी दिवस उचलली नाही.