पावट्याचं राजघराणं

"पावट्याची उसळ? अरे, हा आपल्या घराण्यातला आहे!" राजे बाजिंदराव पाटावरून ताडकन उठले. "कुणी शिजवला ह्याला?"

राजाला खूळ लागलं होतं, बरं का! राज्यातल्या सगळ्या कडधान्यांची घराणी लावायची. नियम एकच. ज्याचा वेल वर चढतो, तो राजघराण्यातला. जो जमिनीवर पसरतो, तो रयत. मटकी रयत, कुळीथ रयत. वाल, घेवडा, पावटा राजघराणं! चवळी कुठं चढते, कुठं पसरते, म्हणून तिची चौकशी चालू होती. पोत्यावर दोन पहारेकरी बसवले होते, पळून गेली तर!

राजघराण्यातला दाणा कुणी खायचा नाही. सगळा राजवाड्यात आणून गादीवर ठेवायचा. हसू नका, त्याला सकाळी मुजरापण व्हायचा!

आता खडकेवाडीत पावट्याशिवाय काही पिकत नव्हतं. शिपाई पोती उचलायला आले, तशी तिथल्या हणमाकाकाची पोरगी येसू थेट दरबारात घुसली.

"म्हाराज, पावटा नेला तर आमी खायाचं काय?"

"गवत खा! ते रयतच आहे."

"तुमी खाऊन बगितलं का कदी?"

राजा लालबुंद.

"फार बोलतेस! पावटा पुरुषभर उंच चढतो. हे राजाचं रक्त नाही तर काय? तुला रांगणारा पावटा दाखवता येईल का? दुसऱ्या वाणाचा नको. एकाच शेंगेतले दोन सख्खे भाऊ, एक चढायला पाहिजे, एक रांगायला पाहिजे. दाखवलंस तर वाडीचा पावटा वाडीला. नाहीतर सगळी पोती माझी!"

"दीड म्हयना द्या. आन् शेंग तुमीच फोडा."

राजानं शेंग फोडली. येसूनं दोन दाणे राजवाड्याच्या अंगणात टोचले, एकमेकांपासून लांब. एकाजवळ काठी रोवली. दुसऱ्याजवळ काहीच नाही. दोघांवर पहाऱ्याला रंगू शिपाई बसवला.

दीड महिन्यानं राजा बघायला आला. पहिला भाऊ काठीला वेटोळे घालत पार शेंड्याला! दुसरा मातीत लोळत पडलेला.

"अरेच्चा! सख्खा भाऊ, आणि रयत?"

"व्हय जी. आता त्येची रवानगी करा कुळथाकडं."

राजानं वाकून बघितलं आणि किंचाळला, "थांब! हा तर चढतोय!"

झालं काय, रंगू दुपारी जेवून जो झोपला तो उठलाच नव्हता. वेलाचा शेंडा त्याच्या पायाला लागला, आणि गडी दोन वेटोळी घालून गुडघ्यापर्यंत पोचला!

"दुपारी रयत, संध्याकाळी राजा?" बाजिंदरावानं डोकं धरलं. "पोरी, मग हे राजघराणं आहे तरी कुणाचं?"

"ज्येनं आधार दिला त्येचं, म्हाराज. काठी न्हाई तर राजा न्हाई. आमच्या रानातल्या समद्या काठ्या माझ्या बानं तोडून आणल्या, त्येनंच रोवल्या. आता सांगा, पावट्यानं मुजरा घालायचा कुणाला?"

राजा पोट धरून असा हसला, असा हसला, की पागोटं गळून पडलं!

"तुझ्या बाला! आणि ह्या वेलाचा राजा रंगू!"

गादीवरचा सगळा दाणा त्या संध्याकाळी पोत्यात भरला गेला. ज्याचा त्याला परत. वाडीचा पावटा वाडीला, शिवाय वेलांच्या मांडवासाठी चार गाड्या बांबू. येसूला जरीचं लुगडं मिळालं. राजानं स्वतः पावट्याची उसळ दोनदा मागून घेतली.

रंगूनं मात्र पाय सोडवायला हात घातला, तसा राजा ओरडला, "खबरदार! फुलं यायचीत अजून!"