रुमालाखालचा फोन

अण्णासाहेब खोतांनी मंगलला केबिनमध्ये बोलावलं आणि हुकूम सोडला, "परवा मी कोईमतूरच्या बैठकीत असताना मला हितनं निरोप पाठवायचा. तो मी वाचणार न्हाई, ऐकणार न्हाई, त्याच्याकडं बघणारसुद्धा न्हाई. पण मला तो कळला पायजे. जमलं न्हाई, तर सोमवारपासनं तुझ्या जागी ॲप बसवतो."

मंगल वाघमोडे त्या कारखान्यात आठ वर्षं फोन उचलत होती आणि अण्णांच्या प्रवासाची तिकिटं काढत होती. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, आणि ॲपला पगार लागत नाही हे तिलाही ठाऊक होतं. ती घाबरली. पण अण्णांपुढे घाबरून उपयोग नसतो, त्यांचं तिकडे लक्षच नसतं.

हुकूम विचित्र असला तरी त्याला कारण होतं. अण्णा इचलकरंजीत उसाच्या रसाची यंत्रं बनवायचे आणि त्या यंत्रांना लागणाऱ्या विजेच्या मोटारी कोईमतूरच्या पळनीस्वामींकडून घ्यायचे. मागच्या खेपेला सौदा रंगात आलेला असताना मंगलचा मेसेज गेला, की राजकोटचा कारखानदार तसलाच माल पाच आठवड्यांत द्यायला तयार आहे. आता अण्णांना मनातल्या मनात वाचता येत नाही. शाळेत मास्तरांनी मोठ्यानं वाचायला शिकवलं. गप्प वाचायला कुणी शिकवलंच नाही. त्यांनी मेसेज खणखणीत आवाजात वाचला. पळनीस्वामींनी भाषांतराचं ॲप टेबलावर उघडंच ठेवलं होतं, त्यानं तो लगोलग तमिळमध्ये सांगितला. पळनीस्वामी चार आठवड्यांवर येणार होते, ते पाचावर जाऊन बसले. मोटारी आल्या तेव्हा उन्हाळा सरत आला होता, आणि पावसात उसाचा रस कोण पितं?

अण्णांच्या मते चूक फोनची होती. त्यांनी बिनतारी इअरफोन घेतले. ते घातल्यावर त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून ते आणखी मोठ्यानं बोलू लागले. शेजारच्याला दिसू नये अशी काळी काच फोनवर बसवली, तर ती त्यांनाच दिसू देईना. मग ते फोन शेजारच्याच्याच हातात देऊन वाचून घ्यायचे. स्मार्ट घड्याळ घेतलं. मेसेज आला की मनगट वर करून ते चार लोकांना दाखवत, कारण घड्याळ नवं होतं. सगळं करून झाल्यावर उरली मंगल.

दुपारी डबा खाताना तिला वडिलांची आठवण आली. ते बैलबाजारात दलाल होते. उभ्या आयुष्यात त्यांनी भाव तोंडानं सांगितला नाही. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, वरून रुमाल टाकायचा आणि बोटं दाबायची. भोवती पन्नास माणसं डोळे फाडून उभी असत, पण आकडा त्या दोघांनाच कळे. तिनं डबा तसाच झाकला आणि केबिनमध्ये गेली.

"अण्णा, रुमाल हाय का जवळ?"

तिनं त्यांचा फोन व्हायब्रेटवर टाकला, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि वर रुमाल पसरला. मी बाहेरून नुसतं एकेक टिंब पाठवते, म्हणाली, जितक्यांदा फोन थरथरेल तितके राजकोटवाल्याचे आठवडे. बाहेर जाऊन तिनं चार टिंबं पाठवली. आत आली तर अण्णा डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून मोजत होते.

"एकोणतीस," ते म्हणाले.

अण्णा सोळा ग्रुपांवर होते आणि जेवणाच्या सुट्टीत सगळीकडून सुविचार येत होते. मंगलनं फोनमधली 'व्यत्यय नको'ची सोय लावली आणि फक्त स्वतःचा नंबर मोकळा ठेवला. पुन्हा चार टिंबं पाठवली. या वेळी चारच पोचली. अण्णा खूश झाले, पण तसं बोलले नाहीत. परवा बघू, एवढंच म्हणाले.

परवा कोईमतूरला पळनीस्वामींनी सहा आठवड्यांपासून सुरुवात केली. अण्णा मांडीवर रुमाल टाकून बसले होते. इकडे राजकोटचं उत्तर आलं, आणि रुमालाखाली फोन एकदा थरथरला. दोनदा. तीनदा. अण्णांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि फोन चौथ्यांदा थरथरला.

अण्णांचं तोंड मिटलं. तीन की चार? त्यांनी पहिल्यापासून आठवून मोजायला घेतलं. टेबलावरचं ॲप 'ऐकत आहे' असं दाखवत थांबून राहिलं. पळनीस्वामींनी इतक्या वर्षांत अण्णांना गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. माणूस दुखावला की काय, असं त्यांना वाटलं. ते पाचावर आले. अण्णा बोटं चाचपत होते. पळनीस्वामी चारावर आले. अण्णांनी छताकडे पाहिलं. तीन, पळनीस्वामी म्हणाले, आणि घाम पुसून म्हणाले, दोन. दोन हे तीनपेक्षाही कमी आणि चारपेक्षाही कमी, त्यामुळे अण्णांना मोजायची गरज उरली नाही. त्यांनी हात पुढे केला.

परत आल्यावर मात्र त्यांनी मंगलला समोर उभं केलं. सौदा झाला तो माझ्या नशिबानं, म्हणाले, तुझा निरोप चुकीचाच होता.

"राजकोटवाला किती म्हणाला? तीन का चार?"

"तीन."

"मग चौथं टिंब कशाला? मोजता येत न्हाई तुला?"

आता नोकरी जायचीच असेल तर खरं सांगून जावी, असं मंगलनं ठरवलं.

"चौथं टिंब राजकोटचं नव्हतं, अण्णा, माझं होतं. तीन कळलं की तुम्ही तिथल्या तिथं बोलून टाकणार, हे मला ठावं होतं. आमचे बाबा म्हणायचे, भाव कळल्यावर जो आधी तोंड उघडतो त्याला बैल महाग पडतो. आता तुम्हाला गप्प बसवायचं ॲप काय अजून निघालं न्हाई. पण तुम्ही मोजत असला की बोलत न्हाई. म्हणून एक जास्तीचं पाठवलं."

अण्णा जे हसायला लागले, ते इतकं, की वेल्डिंगच्या शेडमधली माणसं काय झालं ते बघायला बाहेर आली. हसता हसताच त्यांनी ॲपवाल्याला फोन लावला आणि सोमवारी येऊ नकोस म्हणून सांगितलं. ते सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं.

"आणि पुढच्या महिन्यात परत कोईमतूर," डोळे पुसत ते मंगलला म्हणाले. "दोन तिकिटं काढ. खिडकी तुझी."