पिराच्या राईतला बेडूकतोंड्या

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्या वाचणाऱ्यांनी पोटात घालाव्यात. माझी शाळा आठवीतच सुटली आणि भारी शब्द मला येत नाहीत. घडलं ते साध्या शब्दांत लिहितो.

"…पण चाचा, तो नेमका बसतो कुठे?"

लवूने हे तिसऱ्यांदा विचारलं.

अब्बासचाचांनी आल्याचा तुकडा दगडावर ठेचला, चुलीवरच्या चहात टाकला आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

"राईत," ते म्हणाले.

"राई दोन एकर आहे."

"मग दोन एकरांत कुठेतरी."

लवू झोरे हा खिंडीखालच्या धनगरवाड्यावरचा पोरगा. वय बावीस, बोलायला लाजरा, पण पक्ष्यांचा विषय निघाला की मान ताठ व्हायची.

अब्बासचाचा पिराच्या खिंडीतल्या दर्ग्याची झाडलोट करायचे, दिवाबत्ती करायचे. दर्ग्यालगतचं राखलेलं रान म्हणजे पिराची राई. त्याआधी चौतीस वर्षं ते जहाजांवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचं जेवण रांधायचे. सगळी दुनिया पाण्यावरून फिरून म्हातारपणी ते या डोंगरात येऊन राहिले. एवढा समुद्र सोडून इथे का आलात, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "इथे जमीन हलत नाही. चहा सांडत नाही."

लवूला पक्ष्यांचा नाद लावला तो चाचांनीच. शीळ ऐकून पक्षी ओळखायला तो त्यांच्याच ओट्यावर शिकला.

पण दोन वर्षांपूर्वी लवूला कोणाची तरी जुनी दुर्बीण मिळाली. त्याने वही घातली. तिच्यात नावं चढू लागली, आणि चाचांच्या ओट्यावरची त्याची फेरी आठवड्यावरून महिन्यावर गेली.

आज तो आला होता, कारण गरज पडली होती.

पुण्याच्या नेर्लेकर मॅडम खाली गावात उतरल्या होत्या. त्या दर हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्यांचे जथे घेऊन डोंगर हिंडतात. त्यांना या घाटमाथ्यावर कायमचा वाटाड्या हवा होता. त्यांनी लवूला सरळ सांगितलं होतं, "मला बेडूकतोंड्या दाखव. बाकी सगळं मी पाहिलंय, तो मेला मला अजून चकवतोय. उद्या सकाळी दाखवलास, तर हिवाळाभराचं काम तुझं."

आणि काम मिळालं नाही, तर मडगावला जायचं होतं. चुलतभावाने तिथल्या एका हॉटेलात लवूसाठी भांडी घासायची जागा धरून ठेवली होती. सोमवारची एसटी होती.

बेडूकतोंड्या हा पक्षी पिराच्या राईत आहे हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. तिन्हीसांजेला त्याचा आवाज यायचा. पण दिवसा तो वाळक्या पाल्यासारखा पाल्यात बसतो, डोळे मिटून, चोच वर करून. त्याला बघितलेला माणूस एकच होता, आणि तो आत्ता चहा गाळत होता.

"चाचा, मी काही नवशिका नाही," लवू म्हणाला. "वहीत एकशे अठ्ठ्याऐंशी पक्षी आहेत. सगळे बघितलेत मी."

"हं."

"एकशे अठ्ठ्याऐंशी, चाचा."

"ऐकलं. आणि दिसले किती?"

"म्हणजे?"

"चहा घे."

लवूने चहा घेतला. आल्याने जीभ चुरचुरली.

"तुम्ही फक्त झाड दाखवा," तो म्हणाला. "पुढचं मी बघतो."

"दाखवू कसं? बोट करायचं नाही इथे."

हे खरं होतं. कोवळ्या काकडीकडे बोट केलं तर ती सडते म्हणून पोरांना दटावतात ना, तशीच या राईची रीत होती. पिराच्या राईत कशाकडेही बोट करायचं नाही. झाडाकडे नाही, मधाच्या पोळ्याकडे नाही, जनावराकडे तर नाहीच. कोणाचा बैल राईत शिरला तरी धनी हात पाठीमागे बांधून सांगायचा, "तो… तिकडे… जांभळीच्या अलीकडे."

"मग तोंडाने सांगा."

चाचा उठले. हात पाठीमागे बांधले आणि राईत शिरले. लवू मागोमाग.

आत गारवा होता. वेतांच्या जाळीपाशी चाचा थांबले. त्यांनी हनुवटी किंचित वर केली.

"तो काय."

लवूने दुर्बीण लावली. वेत, पाला, वेल, कोळ्याचं जाळं, पुन्हा पाला…

"फणसाच्या खालच्या फांदीला," चाचा हळूच म्हणाले. "वेल लोंबतोय ना, त्याच्या मागे."

पुन्हा पाला.

एकशे अठ्ठ्याऐंशी पक्ष्यांचा धनी तो, आणि सत्तरीचा म्हातारा नुसत्या डोळ्यांनी बघतोय ते त्याला दुर्बिणीतून सापडेना. इतक्यात वेलाच्या मागे काहीतरी तपकिरी, निमुळतं, वर तोंड केलेलं असं त्याला दिसल्यासारखं वाटलं.

"दिसला?" चाचांनी विचारलं.

"दिसला."

"नक्की?"

"नक्की. काय बसलाय चाचा, अगदी पानासारखा."

"डोळे?"

"मिटलेत."

"आणि मिशा? चोचीच्या मुळाशी मिशा असतात त्याला."

"आहेत की. बारीक आहेत, पण आहेत."

चाचांनी मान डोलावली.

"फणसाचं वाळकं पान आहे ते," ते म्हणाले. "परवापासून अडकलंय. मिशा मात्र मलाही नव्हत्या दिसल्या."

लवूने दुर्बीण खाली केली. जमीन दुभंगावी असं त्याला झालं. पण चाचांचे खांदे हलत होते, आणि हलता हलता ते इतके हसायला लागले की त्यांना फणसाला टेकावं लागलं. शेवटी लवूलाही हसू आलं.

"मग तो खरा कुठाय?"

"ठाऊक नाही. आज नाही दिसला मला."

"तुम्ही तर म्हणालात, 'तो काय'…"

"पान दाखवत होतो."

दोघं परत ओट्यावर आले. चाचांनी उरलेला चहा पुन्हा चुलीवर ठेवला.

"एकदा आमचं जहाज बंद पडलं," ते सांगू लागले. "मॉरिशसच्या पलीकडे, चहूकडे पाणी, आणि मधेच एक बेट. माणूस नाही, झाड नाही. इंजिन दुरुस्त होईतो जहाजाच्या साहेबाने होडी सोडली, आम्ही दहाबारा जण निघालो. साहेबाला पक्ष्यांचं वेड. एक पांढरा पक्षी फक्त त्याच बेटावर असतो म्हणे. लांबूनच त्याने दुर्बीण लावली, बोट केलं. म्हणाला, तो बघा, कड्यावर."

"मग?"

"सगळे म्हणाले, दिसला. टंडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, तोही म्हणाला, दिसला. मीही म्हणालो. साहेब खूश. ज्याला त्याला एकेक सिगारेट दिली."

"आणि?"

"जवळ गेलो तर पाखरांच्या शिटेने पांढरा झालेला दगड."

लवू हसला. "म्हणजे पक्षी नव्हताच?"

"होता की. आमच्याच होडीत होता, मागे दोराच्या वेटोळ्यावर. केव्हाचा येऊन बसला होता, खुदाला ठाऊक. टंडेलाच्या बुटाची नाडी ओढत होता."

"मग साहेबाला सांगितलंत?"

"सिगारेट ओढून झाली होती रे. आता कोणत्या तोंडाने सांगायचं?"

चहाला उकळी आली. चाचांनी भांडं उतरवलं.

लवूने दोन्ही हातांत कप धरला.

"चाचा… उद्या मी काय करू?"

"आलं कमी टाकू," चाचा म्हणाले. "बाईंना तिखट सोसेल न सोसेल."

आणि दर्ग्याला झाडू मारायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नेर्लेकर मॅडम खिंडीत हजर झाल्या. साठीच्या, काटक, डोक्याला टोपी, गळ्यात लवूच्या घराच्या दाराएवढी वाटावी अशी दुर्बीण.

"चल रे लवू. नऊपर्यंत वेळ आहे. अकराला मला पुण्याकडे निघायचंय."

"हो मॅडम. एक सांगायचं होतं, राईत बोट करायचं नाही."

"का?"

"रीत आहे."

"मग तू मला दाखवणार कशाने, नाकाने?"

लवू लाजला. दर्ग्याच्या ओट्यावरून चाचांनी मॅडमना सलाम केला आणि तेही हात पाठीमागे बांधून मागून चालू लागले.

वेतांच्या जाळीपाशी तिघं थांबले. लवूने जाळीत पाहिलं. चाचांकडे पाहिलं. चाचा वर आभाळाकडे बघत होते.

पाव तास गेला. मग अर्धा.

मॅडमनी चार वेळा जागा बदलली, दोन वेळा घड्याळ पाहिलं. सोमवारची एसटी सकाळी सहाची होती आणि ती धनगरवाड्याच्या तोंडाशीच थांबायची.

"इथेच आहे ना रे?"

"या राईतच आहे, मॅडम."

आणखी थोडा वेळ गेला. मॅडमची दुर्बीण एका जागी थांबली. त्यांनी दुर्बिणीची चक्री फिरवली.

"हं…" त्या म्हणाल्या. "दिसला."

लवूने त्यांच्या दुर्बिणीचा रोख धरून आपली दुर्बीण लावली. बांबूच्या बेटात एक मोडका बुंधा होता, शेवाळ आलेला. दुसरं काही नव्हतं. निदान त्याला तरी काही सापडलं नाही.

"वा," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात असतो अगदी तसा. शाबास लवू. काम तुझं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिला जथा आणते, तयार राहा. चल, निघू या."

त्या वळल्यासुद्धा.

आता लवूला काही करायचंच नव्हतं. नुसतं 'हो मॅडम' म्हणायचं, आणि तेही नाही म्हटलं तरी चाललं असतं. मडगाव गेलं, भांडी गेली. हिवाळाभर हाच डोंगर, हीच राई.

त्याने चाचांकडे पाहिलं. चाचा खाली वाकून पायाला चिकटलेली जळू सोडवत होते. त्यांच्याकडून आज काही मिळण्यासारखं नव्हतं.

"मॅडम…"

"काय रे?"

"मला नाही दिसला."

मॅडम थांबल्या.

"अजून," लवूने पुढे जोडलं.

राईत कुठेतरी पाण्याचे थेंब पानावर पडत होते.

"मग मी बघितला तो काय होता?"

"ठाऊक नाही, मॅडम. तोही असेल. बुंधाही असेल. मी… मी त्याला कधीच बघितलेला नाही. काल मी पानाला दिसला म्हणालो. त्याच्या मिशासुद्धा सांगितल्या."

"कधीच बघितला नाहीस? आणि मला तीनशे किलोमीटर बोलावलंस?"

"तुम्ही आपणहून आलात, मॅडम."

हे आपल्या तोंडून कसं गेलं ते लवूला कळलं नाही. त्याने जीभ चावली.

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या… मग बांबूच्या बेटाकडे… त्यांनी दुर्बीण उचलली, पुन्हा एकदा त्या बुंध्यावर लावली आणि बराच वेळ लावून ठेवली.

खाली घेतली तेव्हा त्यांचा चेहरा शाळेतल्या पोरीसारखा झाला होता.

"मलाही नाही दिसला," त्या म्हणाल्या.

आणि जवळच्या दगडावर बसकण मारली.

"बोर्निओच्या डोंगरात एकदा असंच न बघता दिसला म्हणाले," त्या म्हणाल्या. "वाटाड्या बिचारा पहाटेपासून शोधत होता, त्याला वाईट वाटू नये म्हणून. आणि समुद्रातल्या एका बेटावर दोनदा. तिथला पक्षी तर होडीतल्या सगळ्यांना दिसला होता, मीच कशी एकटी मागे राहू?"

चाचांनी जळू पानावर ठेवली आणि मान वर केली.

"सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना."

"सिगारेट दिली का कोणी?"

"काय?"

"काही नाही, बाई."

लवूला हसू आवरेना. त्याने ते खोकल्यात घातलं. मॅडमना सिगारेटचं काही कळलं नाही, पण त्याला बघून त्याही हसू लागल्या. टोपी काढून त्यांनी वारा घेतला.

"माझी पक्ष्यांची सगळी यादी परत तपासावी लागणार," त्या म्हणाल्या. "या वयात. लवू, खाली जाऊन ड्रायव्हरला सांगून ये, आज आपण काही निघत नाही."

लवू धावत गेला आणि धावत आला. परतला तेव्हा मॅडमनी घड्याळ काढून खिशात टाकलं होतं आणि दगडावर जरा सरकून त्याला जागा केली होती. तो अंग चोरून शेजारी बसला. दुर्बीण मांडीवर ठेवली.

चाचा ओट्यावरून चहा घेऊन आले. आलं कमी होतं. एक कप मॅडमना दिला, एक लवूला दिला आणि आपला कप घेऊन समोर उकिडवे बसले.

"आता काय करायचं, चाचा?" मॅडमनी विचारलं.

चाचांनी एक घोट घेतला. मग त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बसा… आत्ता कुठे दोघं आलात."