नऊ वर्षांची आत्याबाई आणि वेळूपरी

जिथे कोकिळा सूर्याच्या आधी उठतात, अशा एका इवल्याशा डोंगरगावात शेवंती नावाची आत्याबाई राहत होती. वय वर्षे नऊ. हसू नका! तिच्या दादाला बाळ झालं होतं आणि दादाला बहीण एकच. मग बाळाच्या कानात नाव सांगायचा मान दुसऱ्या कुणाचा?

शेवंतीचे आई-बा बुरूड होते. बांबू चिरून सुपं-टोपल्या विणायच्या आणि बाजार बरा झाला तर पोटभर जेवायचं. बाजार काही रोज बरा होत नसे. बाळाला चांदीचे वाळे कुठून आणणार? म्हणून शेवंतीने बाच्या शेजारी बसून, कापलेल्या बोटांना चिंध्या बांधून, हिरव्या-पिवळ्या कांबट्यांचा इटुकला पाळणा विणला. बाळ होतं डोंगरापलीकडे, वहिनीच्या माहेरी. तिथून निरोप आला, "बाराव्या दिवशी बारसं. आत्याची वाट घरात दिवा लागेपर्यंतच बघायची, ही आमची रीत. तोवर आत्या पोचली नाही, तर शेजारची काकू नाव सांगेल."

"काकू कशी सांगेल? मी आहे ना!" शेवंती म्हणाली.

बाराव्या दिवशी पहाटेच तिघं निघाली. पाळणा बाच्या डोक्यावर, भाकऱ्यांचं गाठोडं आईच्या काखेत. पण बाची एक खोड होती. चांगला बांबू दिसला की त्याचा पाय पुढे निघत नसे. वेळूच्या बनापाशी येताच तो म्हणाला, "थांबा गं, एवढा एक बघतो." त्याने बांबूवर टिचकी मारली, कान लावला, कोयत्याने बारीकशी चीर पाडून पाहिली. मग दुसरा पाहिला, मग तिसरा. वाट कधीच मागे राहिली आणि तिघं भर बनात शिरली. जिकडे पाहावं तिकडे हिरवंच हिरवं! तेवढ्यात वर बघत चालणाऱ्या बाचा पाय घसरला. पाय मुरगळला आणि पाळण्याची एक बाजूही मोडली.

"बघा आता बांबू!" आई कडाडली. बा बिचारा मान खाली घालून बसला.

शेवंतीला रडू आलं. ते तिने गिळून टाकलं. "आई, तू बाजवळ थांब. मी वाट शोधते."

थोडं मागे जाते तो नाजूक आवाज आला, "मला सोडव ना गं!" पाहते तर काय, बाने पाडलेल्या चिरेत एका वितभर परीचा पंख अडकला होता! निळा, जांभळा, सोनेरी पंख. त्यावर दवाचे चिमुकले थेंब चमचम करत होते. ओढला असता तर फाटलाच असता. पण बांबूची चीर कशी उघडावी, हे बुरडाच्या लेकीला सांगावं लागत नाही. तिने एक काडी दगडावर घासघासून पाचर केली आणि ती चिरेत हळूहळू ठोकू लागली. सूर्य माथ्यावर आला. शेवंतीला डोळ्यांपुढे ती काकू दिसत होती, तरी तिने हाताची घाई केली नाही. अखेर पंख अलगद सुटला.

"मी वेळूपरी," परी म्हणाली. "दोन इच्छा माग. पण नियम आहेत हं! आधी तुझे हात कामाला लागले पाहिजेत, मगच माझी कांडी फिरेल. आणि सूर्याला थांबवायला सांगू नकोस. तो माझं ऐकत नाही."

शेवंतीने काटेरी जाळी दोन्ही हातांनी बाजूला सारायला सुरुवात केली. तळवे ओरखडले, तेव्हा ती म्हणाली, "परीताई, वाट दाखव." सळसळ सळसळ करत बांबू वाकले आणि मधून सोनसळी पाऊलवाट उघडली.

परीला घेऊन ती परतली, आई-बाला सगळं सांगितलं आणि पाळणाही नीट केला. "ह्याला इच्छा कशाला? हे मला येतं!" पण बाचा घोटा लिंबाएवढा सुजला होता.

"शेवंते, मला राहू दे इथंच," बा म्हणाला. "चूक माझी. वाटेला लागल्यावर नजर वाटेवरच ठेवावी माणसानं. दुसरी इच्छा माग आणि थेट बारशाला जा. मान चुकवू नको, बाळा."

शेवंतीला जायचं होतं. खूप खूप जायचं होतं. ऊन कललं होतं. तिने बाच्या पायाला पाला चोळला, कांबट्या लावून पाय घट्ट बांधला आणि म्हणाली, "माझ्या बाचा पाय बरा कर."

"विचार कर," परी म्हणाली. "मग इच्छा उरणार नाही."

"केला विचार."

कांडी फिरली. बा ताडकन उभा राहिला आणि परी भुर्रकन उडून गेली.

मग तिघं जी धावली! पण सूर्याने कुणाचं ऐकलंय? तिघं वहिनीच्या गावात शिरली तेव्हा घराघरांत दिवे लुकलुकत होते. शेवंतीच्या गालांवरून आसवं ओघळली. तरी तिचे पाय थांबले नाहीत. "नाव नाही तर नाही, बाळाला पाळणा तरी देऊ."

बारशाच्या घरात मात्र मिट्ट काळोख!

"अगं, केव्हाची खटपट चाललीय," दादा म्हणाला. "दिवाच लागेना!"

"नवी वात, नवं तेल," वहिनीची आई वैतागली होती. "पेटवली की फुस्स!"

शेवंतीने समईमागे डोकावलं. तिथे मंद चमचमणाऱ्या पंखांचं कुणीतरी वितभर बसलं होतं, गाल टम्म फुगवून! परीने हळूच ओठांवर बोट ठेवलं.

"म्हणजे दिवा लागायचाय अजून!" वहिनीची आई म्हणाली. "वेळ टळली नाही. या, आत्याबाई!"

पाळण्यात बाळ निजलं. शेवंती वाकली, तिने बाळाच्या कानाला ओठ लावले. "कुर्रर्र... कस्तुरी!"

त्याच क्षणी समईच्या पाचही वाती आपोआप उजळल्या. हिरव्या-सोनेरी उजेडाने घर न्हाऊन निघालं आणि त्या उजेडातच परी खुदकन हसून विरून गेली.

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, हीसुद्धा रीतच! आईने घातला, दादाने घातला, काकूने तर दोन घातले. शेवंती खिदळत होती. सगळ्यांत शेवटी बा आला. त्याचा धपाटा काही लागला नाही, कारण त्याचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला.