घंगाळ डोहातले खडस

"यंदा तरी टिकतील ना, आक्का?"

हेरंबनं तिसऱ्यांदा विचारलं.

द्वारकाक्का नदीकडे बघत बसली होती. जात भोयाची. पन्नास वर्षं तिनं कांडवी नदीत जाळं टाकलं. हेरंब लिमये मत्स्यशास्त्राची डॉक्टरकी मिळवून इथं आला, तेव्हा खडस मासा कोणत्या पाण्याला चढतो, कुठल्या खड्यांत अंडी घालतो, हे तिनंच त्याला हिंडून दाखवलं. तो तिला गुरू म्हणायचा. भाषणांतूनसुद्धा म्हणायचा.

त्या नदीत आता खडस उरला नव्हता. खाणीवरच्या माणसांनी घंगाळ डोहात सुरुंग उडवून मासे मारले, त्यालाही बरीच वर्षं लोटली. वरच्या अंगाला एका देवळाच्या कुंडात तेवढे थोडे तगून होते. गावाच्या हातापाया पडून हेरंबनं त्यांतल्या काही जोड्या आणल्या. टाक्या बांधल्या, पिल्लं काढली, चार वर्षं दुसरं काही केलं नाही.

गेल्या वर्षी त्यानं बोटाएवढी हजारो पिल्लं डोहात सोडली. दिवाळीपर्यंत एकही दिसेना.

"लोक चोर आहेत," हेरंब म्हणाला. "यंदा पहारा बसवतो. माझ्या कामात कुठं कसर नाही."

आक्का उठली.

"पिल्लं दाव."

टाकीपाशी आल्यावर तिनं पदर खोचला आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

सगळी पिल्लं धावत आली. तिच्या बोटांना, मनगटाला, बांगड्यांना तोंडं लावू लागली.

हेरंबचा चेहरा खुलला. "बघा! टाळी वाजवली तरी येतात. मी हातानं भरवलंय त्यांना, पहिल्या दिवसापासून."

तिनं मूठ मिटली. मुठीत तीन पिल्लं होती. एकानंही धडपड केली नाही.

"ह्यो हात कुणाचा हाय, डाक्टर?"

"...तुमचा."

"ह्या हातानं किती खडस मारलं, ठावं हाय तुला?"

तिनं मूठ उघडली. पिल्लं सुटली, आणि पुन्हा तिच्याच बोटांशी आली.

हेरंब टाकीच्या कठड्यावर बसला. म्हणाला, "म्हणजे गेल्या वर्षी..."

"बाया धुणं धूत हुत्या. पिल्लं आपणहून पायापाशी आली. बायांनी पदरात धरली. चोरी कशाची?"

"तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुठं? तू चोर कोण, त्ये इचारत हुतास."

"मग मी काय करू, आक्का?"

कोपऱ्यात एक बांबूची काठी पडली होती. आक्कानं ती उचलली आणि पाण्यावर सपकन मारली. पिल्लं उधळली. भिंतीवर आपटली. एक उलटं होऊन तरंगू लागलं.

"आक्का!" हेरंब ओरडला.

तिनं काठी त्याच्या हातात दिली.

"त्यांना भ्यायला शिकीव."

"कुणाला भ्यायला?"

"तुला."

त्या दिवसापासून हेरंबनं टाकीभोवती किंतानाचा पडदा बांधला. खाणं आडून, नळीनं सोडायचं. दिसायचं ते फक्त काठी घेऊन. रोज जाळं फिरवायचं, रोज पाणी बडवायचं. पहिले काही दिवस पिल्लं मार खाऊनही परत फिरायची आणि त्याच्याकडे तोंड करून थांबायची. ते त्याला बघवत नसे.

पंधरा दिवसांनी आक्का आली. तिच्या घागरीत एक मरळ होती.

"ही सोड त्यांच्यात."

"ही खाईल त्यांना!"

"थोडी खाईल. बाकीची बघतील."

तो घागरीकडे बघत राहिला. मग त्यानंच ती पाण्यात ओतली.

हळूहळू पिल्लं तळाशी, दगडांच्या आड राहू लागली. पावलं वाजली की टाकी रिकामी वाटायची. एकच पिल्लू तेवढं वर यायचं. शेपटीला बाक असलेलं. अंड्यातून निघालं तेव्हा मरायला टेकलेलं होतं, हेरंबनं ते वेगळ्या भांड्यात ठेवून जगवलेलं. काठी दिसली तरी ते यायचं.

हेरंब आक्काच्या दाराशी गेला.

"एक ऐकतच नाही, आक्का. त्याला टाकीतच ठेवू का? माझ्यापाशी?"

"कुणासाठी?"

हेरंब परत आला. त्यानं काठी उचलली. त्या दिवशी तो जेवला नाही. चौथ्या दिवशी ते पिल्लूही दगडाआड गेलं.

नवरात्राच्या तोंडावर पुराचं गढूळ पाणी निवळलं. पिल्लं वीतभर झाली होती, गेल्या वर्षीच्या मानानं फार थोडी उरली होती. हेरंबनं ती डोहात सोडली. ना पाहुणे बोलावले, ना फोटो काढले. पिपं पाण्यात आडवी केली आणि पिल्लं निघून गेली. एकही थांबलं नाही.

हिवाळाभर तो दर आठवड्याला डोहावर जात होता. काठावर उभा राहायचा, वाकून बघायचा. काही दिसायचं नाही. बायांना विचारायचा. त्या म्हणायच्या, "न्हाई बा, एक बी आलं न्हाई पायाशी."

वैशाखात नदी आटून डोहाडोहांत उरली, तेव्हा तो आक्कासमोर येऊन बसला. वाळला होता.

"सगळी मेली, आक्का. मीच मारली. टाकीत निदान जिवंत तरी होती."

आक्कानं त्याच्याकडे बघितलं.

"चल."

ती त्याला पायवाटेनं न नेता वरच्या कातळावरून घेऊन गेली. डोहापासून बरंच लांब एका धोंडीमागं त्याला पालथं झोपवलं. स्वतः शेजारी बसली.

कातळ तापला होता. हेरंबनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिनं बोटानं गप्प केलं.

बराच वेळ गेला...

मग डोहाच्या तळातून काहीतरी सोनेरी वळलं. त्याच्यामागं दुसरं. मग पाच-सहा, मग मोजता येईनात इतके. रुंद खवले, तांबूस पर. कपारीतून निघून ते वाहत्या धारेकडे तोंड करून संथ उभे राहिले.

हेरंबला राहवलं नाही. तो उठला, कातळावरून घसरत, ठेचकाळत खाली धावला आणि काठाशी गुडघे टेकले.

डोह रिकामा होता.

"गेले! आक्का, मला बघून गेले!" तो हसत होता, आणि डोळ्यांतलं पाणी त्याला आवरत नव्हतं. "एकदाच... एकदाच जवळून बघतो. मी वाढवलेत हो त्यांना."

तो आणखी पुढं वाकला.

धोंडीपाशी बसलेली आक्का जागची हलली नाही.

"मागं हो, डाक्टर," ती म्हणाली. "तुझी सावली पाण्यात पडतीया."