हाकेचा कातळ

सुरंगवाडीच्या खाडीपलीकडे पाण्यात पुढे आलेला एक काळा कातळ आहे. होडीतून तिथे उतरलेला माणूस तडक वाटेला लागत नाही. वळून, खाडीकडे तोंड करून आधी आपलं नाव मोठ्याने सांगतो. नवखे हसतात. "हसून घ्या," होडी चालवणारा धोंडू तांडेल वल्हं आवरत म्हणतो, "मग ऐका."

माणसं विकली जात तेव्हाची ही हकिगत, असं सांगतात. घाटावरच्या एका सरदाराकडे साळू नावाची विकत घेतलेली बटीक होती. तिची लेक राही अजून दुधाच्या दातांची होती, तेव्हा धन्याने आपल्या मुलीच्या लग्नात भांड्यांबरोबर तीही आंदण दिली. कोणत्या गावाला, ते साळूला कुणी सांगितलं नाही. त्यानंतर साळू घाट उतरून पळाली आणि खाडीवर एका म्हाताऱ्या कोळ्याच्या दाराशी येऊन पडली. त्याने तिला वल्हं धरायला शिकवलं. तो गेल्यावर होडी तिच्याकडे आली.

घाटावरून पळालेल्या प्रत्येकाला ही खाडी ओलांडावीच लागे. साळू त्यांना भाकर देई, पलीकडे सोडी. पण एकदा पकडल्या गेलेल्या एका गड्याने मार खाऊन, होडीत कानावर पडलेली आधी गेलेल्यांची नावं सांगितली, आणि ती माणसं दोराने बांधून परत नेली. तेव्हा साळूने नेम केला: होडीत नाव विचारायचं नाही, तोंडावरचा पदर काढायला सांगायचा नाही. राही कधीतरी येईल, एवढ्याच आशेवर ती त्या काठाला राहिली होती, आणि ती वाट तिने आपल्याच हाताने बुजवली. महिनोन्महिने तिच्या झोपडीत दुसरा आवाज नसे. ती वल्ह्याशीच बोलायची, म्हणे.

एका माघात डाव्या पायाने लंगडणारी पोर आली. धुक्यात पाठ करून बसली. कातळ आल्यावर तिने एवढंच विचारलं, "मावशी, पाणी खोल हाय का?"

"न्हाई. उतर आता."

शिमग्याच्या सुमारास एक म्हातारी पळून आली. खाता खाता सहज म्हणाली, "आमची राही गेली असंल की हिकडनं. धनिणीसंगं आंदण आलेली. आमच्याकडं पाय मोडला, तवापास्नं डाव्या पायानं लंगडती." साळूची भाकर तव्यावर जळून गेली. ती होडी घेऊन कातळावर गेली आणि घसा बसेपर्यंत लेकीला हाका मारत राहिली. पलीकडे सगळं रानच होतं.

राही पुन्हा त्या वाटेने येणार नाही, हे तिला कळत होतं. तरी त्यानंतर ती उतरणाऱ्या प्रत्येकाला म्हणे, "मागं वळ नि नाव सांगून जा. माझ्या पोटात राहील." सरदाराच्या माणसांनी एकदा तिला धरून नेऊन मारलं, पण तिने एकही नाव सांगितलं नाही. मरेपर्यंत तिने पुष्कळ नावं ऐकली. तिला हवं होतं ते ऐकलं नाही.

आजही कातळावरून नाव आलं, की धोंडू "ऐकलं" म्हणून हाक परत देतो आणि मगच होडी वळवतो. एखादीने आपलं नाव राही सांगितलं, तर मात्र तो वल्हं पाण्याबाहेर धरून गप्प राहतो. त्या नावाला उत्तर द्यायचं काम त्याचं नाही.